मिरगाआधीचं बेंच

पहाटे साडेपाच

बेंच कुठे मांडायचं हे उजेड ठरवतो, म्हणून दिवसाचं पहिलं काम उजेड बघण्याचं. मे महिन्याचा शेवटचा आठवडा आहे, पोफळींच्या शेंड्यांवर आभाळ उजळू लागलंय आणि मी गाडीच्या शेडमध्ये खडू घेऊन उभा आहे. शेड घराला लागून आहे. तीन बाजूंना जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, पूर्व बाजू उघडी, वर मंगळुरी कौलं. गाडी अंगणात उभी राहिली तरी तिचं काही बिघडत नाही, तेव्हा आजपासून ही जागा हत्यारांची.

आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो. जांभा पाणी पितो. जुलैत पश्चिमेच्या भिंतीला आतून तळवा लावला तर ओला होतो, आणि बाहेरून पोफळीच्या झावळ्यांची झडी बांधली तरी ओल पूर्ण थांबत नाही. त्यामुळे पश्चिमेची भिंत बाद. दक्षिणेची भिंत घराची आणि आतल्या खोलीत आई झोपते, तिथे घणाचे घाव नकोत. राहिली उत्तरेची. तिला एक खिडकी आहे, आणि उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो. सकाळी डोळ्यांवर ऊन येत नाही आणि दुपारी सावल्या इकडून तिकडे पळत नाहीत. करवतीची रेघ बघायला याच्यासारखा उजेड नाही.

वर दोन काचेची कौलं बसवायची आहेत. ती बेंचच्या बरोबर डोक्यावर हवीत. माणसाच्या पाठीमागे बसली तर आपलीच सावली आपल्या कामावर पडते.

उजेडाचा एवढा विचार कशासाठी, हे पावसाळ्यात इथे राहिलेल्याला सांगावं लागत नाही. सुप्याचं धरण आमच्याच जोयडा तालुक्यात आहे, १०१ मीटर उंच. त्याच्या पाण्यावर सुप्यात आणि पुढे नागझरीला वीज तयार होते आणि राज्यभर जाते. पण आमच्या घरापर्यंत येणारी तार रानातून येते. वादळात तिच्यावर फांदी पडली की झाड तोडून, चिखल तुडवत तार जोडणाऱ्या माणसांचं काम सोपं नसतं आणि आपल्याला वाट बघावी लागते. जून ते सप्टेंबर वीज असेल असं धरून कोणतंही काम काढू नये. म्हणून आमच्या गावचं, गुंदचं बेंच आधी हातहत्यारांचं, मग मशिनांचं. बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यात फिटर म्हणून काम करताना मला हे कधी सुचलं नसतं. तिथे बटण दाबलं की मशीन फिरायचं.

साडेसहा

अडगळ बाहेर. हे काम पुतण्याने आणि मी मिळून उरकलं, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. फुटके टब, जुने टायर, गंजलेला पत्रा, कोणाचे तरी पंपाचे सुटे भाग. सगळं अंगणात ताडपत्रीवर पसरलं.

सांगण्यासारखं आहे ते पुढचं. हत्यारं लावायला घेण्याआधी मी खडूने भिंतीवर कामं लिहिली. गेल्या पावसाळ्यात आणि सुगीत या घरात आणि शेजारपाजारी काय काय मोडलं, बिघडलं, बोथट झालं ते. फवारणीच्या पंपाचं वायसर. ब्रशकटरचा कचऱ्याने बसलेला कार्ब्युरेटर. कोयत्यांची धार, ती तर रोजची. खोऱ्याचे आणि कुऱ्हाडीचे दांडे. बागेतल्या पाइपाचे सांधे. सुपारी सोलायच्या यंत्राची पाती. गोठ्याच्या दाराचं बिजागर.

यातलं एकही काम मोठं नाही, पण प्रत्येकासाठी जोयडा नाहीतर दांडेली गाठावी लागते. पोटोलीवरून जाणारी बस मिळाली तर ठीक, चुकली तर दिवस गेला. दांडेलीला जाऊन चार रुपयांचं वायसर आणायचं तर मजुरांचा दिवस फुकट जातो, आणि फवारणीचा दिवस फुकट गेला तर पिकाचं नुकसान होतं. पुतण्या विचारत होता, "काका, आधी हत्यारांची यादी करायची ना?" मी त्याला भिंत दाखवली. जे काम भिंतीवर नाही त्याचं हत्यार बेंचवर ठेवायचं नाही. दुकानात टांगलेलं चकाकणारं हत्यार बघून घेणारे खूप असतात, आणि वर्षाने तेच हत्यार पिशवीतच गंजलेलं सापडतं.

आठ

लाकूड. गुंद हे काळी व्याघ्र प्रकल्पातलं एक वन्यजीव परिक्षेत्र आहे. दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प २००७ मध्ये झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. चहूकडे सागवान, शिसव, ऐन, किंदळ उभे आहेत, आणि त्यांतल्या एकाही झाडाला हात लावायचा विचार मनात येता कामा नये. आपल्या जमिनीतल्या सागाला आणि शिसवालाही परवानगीशिवाय कुऱ्हाड लागत नाही. ते योग्यच आहे. पण लाकडाचं काम करणाऱ्याने आधी जुन्या लाकडाकडे वळावं, नवं लाकूड शेवटी.

आमच्याकडे जुनं लाकूड आहे. आजोबांच्या वेळच्या घराचा एक भाग उतरवला तेव्हाचे ऐनाचे वासे माळ्यावर पडून आहेत. शिवाय फणसाच्या दोन इंच जाडीच्या फळ्या, पिवळ्याच्या तांबूस झालेल्या. ऐन वजनाला जड आणि घट्ट. कोरडं झालं की त्यात खिळा जात नाही, वाकतो, म्हणून आधी गिरमिटाने भोक पाडून मग बोल्ट. बेंचच्या पायांना यासारखं लाकूड नाही. जड बेंच हलत नाही, आणि बेंच हललं तर कानशीचा निम्मा जोर वाया जातो.

जुन्या लाकडात जुने खिळे असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, कारण डोकं तुटून आत राहिलेलं असतं आणि वर काळा डाग. बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून मी प्रत्येक वाशावरून हळूहळू फिरवलं. जिथे दोरी ओढली गेली तिथे खडूची फुली. अशा फुल्या पटाशीने उकरून खिळे काढल्याशिवाय रंधा लावायचा नाही. रंध्याच्या पात्याला एक खिळा लागला की पातं पुन्हा सरळ व्हायला सकाळ जाते.

साडेनऊ

खालच्या वाडीतले सुतारकाका आले. सत्तरी ओलांडलेले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात स्वतःची करवत आणि वाकस. दुसऱ्याच्या करवतीने ते काम करत नाहीत.

त्यांना बेंच ही कल्पनाच विशेष पटलेली नव्हती. "मी जन्मभर खाली बसून काम केलं. पाय आहेत की फळी धरायला," असं म्हणून त्यांनी बसून दाखवलं. एक पाऊल फळीवर, दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने कड दाबलेली, आणि करवत सरळ रेघेवर. आपल्याकडच्या सुतारकामाची ही खरी बैठक आहे. देवळांचे कोरीव खांब, घरांच्या चौकटी, पाळणे, सगळं असंच जमिनीवर बसून झालं. उभं राहून बेंचवर काम करायची सवय कारखान्यांतून आणि तंत्रशाळांतून आली. आयटीआयला फिटरच्या वर्गात पहिले महिने व्हाइसमध्ये लोखंडाचा ठोकळा धरून नुसती कानस चालवायची. खांदे भरून येतात, पण हात सपाट चालायला शिकतो.

मला सुतारकाकांचं म्हणणं खोडायचं नव्हतं. लाकडाचं त्यांचं काम जमिनीवर होईल, त्यासाठी शेडच्या पूर्वेची जागा मोकळी ठेवली. तिथे चटई टाकायला सहा फूट रुंद जमीन आहे. बेंच लागतं ते लोखंडासाठी. पंपाचा नळ, ब्रशकटरचं पातं, पाइप हे पायाने धरून होत नाही.

उंची हा नाजूक प्रश्न. लाकूड रंधायचं बेंच ठेंगणं लागतं, म्हणजे अंगाचा भार वरून टाकता येतो. कानशीसाठी मात्र व्हाइसच्या जबड्याची वरची कड आपल्या कोपराच्या पातळीला यावी लागते. हात कोपरात काटकोनात वाकवला की पुढचा हात आडवा चालतो आणि कानस डुलत नाही. सुतारकाकांनी माझ्या कोपराखाली काठी उभी धरली आणि नखाने खूण केली. चाळीस इंचांच्या आसपास. व्हाइसची स्वतःची उंची साडेसहा इंच, जबडा कोपराच्या किंचित वर गेला तरी चालतो. म्हणजे बेंचची पाठ दोन फूट दहा इंचांवर. बाजारात तयार मिळणारं बेंच कोणाच्या कोपराने मोजलेलं असतं कोण जाणे. एका घरातल्या बेंचला त्या घरातलं कोपर लावावं.

लांबी सहा फूट, रुंदी दोन फूट. पुतण्याला तीन फूट रुंद हवं होतं. पण भिंतीपर्यंत हात सहज पोचला पाहिजे. जिथे हात पोचत नाही तिथे डबे साठतात आणि डब्यांच्या मागे पाल.

साडेदहा

चार पाय, आडवे पट्टे, आणि मागच्या बाजूला एक तिरपा. उभे-आडवे कितीही घट्ट जोडले तरी चौकट आडव्या जोराला लवते. तिरपा टाकला की त्रिकोण होतो, आणि त्रिकोण लवत नाही. सुतारकाकांनी आडव्या पट्ट्यांना कुसू काढलं, पायांना भोकं पाडली आणि सांधा असा बसवला की मोगरीच्या शेवटच्या ठोक्याला लाकूड किरकिरलं. फेव्हिकॉल लावू का, असं विचारल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. मग मी प्रत्येक सांध्यातून बोल्ट घेतला, दोन्ही बाजूंना मोठी वायसरं. पावसात लाकूड फुगेल आणि उन्हाळ्यात आटेल, तेव्हा नट पुन्हा आवळता येईल. चिकटवलेला सांधा आवळता येत नाही.

फळ्यांचंही तेच. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र वाढतं. दहा इंच रुंदीची फळी मे आणि ऑगस्ट यांच्यात सुता-दीड सुताने सहज फरक दाखवते. म्हणून वरच्या फळ्या पुढच्या कडेला पक्क्या केल्या आणि मागच्या बाजूची बोल्टची भोकं कानशीने आडवी लांबट करून घेतली. फळीला मागे सरकायला वाट हवी. अशी वाट न ठेवलेली टेबलं मी पाहिली आहेत. दुसऱ्या पावसात मधोमध कुबड येतं.

पायांखाली काय, यावर बराच वेळ गेला. जमीन शेणामातीची, तिच्यावर थेट पाय ठेवला तर ओल चढते आणि वाळवी चढते. जांभ्याचा चिरा खाली ठेवला तरी तोही पाणी ओढतो. म्हणून चिऱ्यावर कडप्प्याचा तुकडा आणि कडप्प्यावर पत्र्याची टोपी, पायापेक्षा चहूबाजूंनी दोन बोटं बाहेर आलेली, कडा खाली वाकवलेल्या. वाळवीला लाकडापर्यंत पोचायला मातीचा बोगदा बांधावा लागतो. पत्र्याच्या कडेवरून तो वळवताना तो उघड्यावर येतो आणि आपल्या डोळ्यांना दिसतो. ती मरत नाही, पण कळते. आठवड्यातून एकदा वाकून बघायचं.

साडेबारा

व्हाइस. पाच इंची, बिडाचा. बेळगावहून आणला. बेळगाव-कोल्हापूरच्या ओतशाळांचं बीड मला हाताला ओळखीचं वाटतं. व्हाइस बसवण्याचे दोन नियम आयटीआयमध्ये कानात घातले गेले ते अजून तिथेच आहेत. पहिला, व्हाइस बेंचच्या पायावर बसवायचा, दोन पायांच्या मधल्या फळीवर नाही. घाव बसला की तो पायातून थेट जमिनीत गेला पाहिजे. दुसरा, मागच्या अचल जबड्याची तोंडाकडची बाजू बेंचच्या कडेच्या केसभर बाहेर यायला हवी. तसं असलं तर लांब पाइप उभा धरता येतो, तो खाली जमिनीपर्यंत सरळ उतरतो. जबडा आत राहिला की पाइप बेंचच्या कडेला अडतो आणि तिरपा धरला जातो.

आम्ही तो पूर्वेच्या टोकाच्या पायावर बसवला, उघड्या बाजूला. दहा फुटी पाइप किंवा फवारणीचा बांबू आडवा धरला तर तो अंगणात बाहेर जाऊ शकतो. खालून चार बोल्ट, फळीच्या खाली लोखंडी पट्टी. आवळून झाल्यावर मी जबड्यात एक सळई धरली आणि तिला दोन्ही हातांनी ओढलं. बेंच हललं नाही, शेडचा वासा मात्र थरथरला, कारण बेंचचा मागचा पट्टा भिंतीतल्या वाशाच्याच खुंटीला बांधला होता. खुंटी बदलली.

बेळगावचा विषय निघाला की मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेला हा माणूस. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान. पुढे कडबा कापायची यंत्रं, १९०३ मध्ये लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणत, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. मला त्या कारखान्यापेक्षा त्याआधीचं सायकलचं दुकान जास्त जवळचं वाटतं. दुसऱ्याने केलेली वस्तू खोलून बघायची, तिचं काय झिजलं ते शोधायचं, मग आपण ती कशी करू याचा विचार करायचा. हा क्रम बेंचवरच होतो. जोयड्याच्या रानात कोणी कारखाना काढावा असं मला म्हणायचं नाही. पण सुपारीच्या बागायतीत लागणाऱ्या कितीतरी वस्तू इथल्या माणसाच्या अंगाला आणि इथल्या उताराला बेतलेल्या हव्यात, आणि त्या बेतणारं कोणी इथे असायला हवं.

दीड

पेज, फणसाच्या गऱ्यांची भाजी, लोणचं, आमसुलाची कढी. सुतारकाका जेवून पडवीत आडवे झाले.

सव्वादोन

वीज. शेडला घरातून वायर आणायची तर आधी तीस मिलिअँपियरवर तुटणारं ईएलसीबी. यावर मी कोणाशी वाद घालत नाही. ओली जमीन, ओले पाय, हातात लोखंडी मशीन. शरीरातून वीज जमिनीत जायला लागली तर हे बटण क्षणात पडतं, साधं फ्यूज पडत नाही, कारण फ्यूज वायर वाचवायला असतं. प्लग बेंचच्या वरच्या बाजूला, कमरेच्या वर, खिडकीपासून दूर.

मशिनं दोनच. एक सहा इंची ग्राइंडर, बेंचच्या पश्चिम टोकाला, व्हाइसपासून लांब. एक चार इंची हातग्राइंडर, तो खणात. हातग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. त्याच्या कापायच्या चकतीवर किती फेऱ्यांपर्यंत चालेल ते छापलेलं असतं, ते ग्राइंडरपेक्षा जास्त असलंच पाहिजे. बेंच ग्राइंडरची नवी सहाण बसवण्याआधी ती बोटावर लटकवून लाकडाने टिचकी मारायची. टणत्कार आला तर अखंड, बद्द आवाज आला तर आत तडा. पुतण्याला हे तीनदा करून दाखवलं आणि मग त्याच्याकडून करून घेतलं. सहाण आणि टेकू यांच्यात फट एक सुतापेक्षा जास्त नको. जास्त झाली की पातं आत ओढलं जातं आणि बोटही. चष्मा ग्राइंडरच्या बटणावरच टांगलाय. तो उचलल्याशिवाय बटण सापडत नाही.

तीनच्या सुमाराला वळीव आला. आधी वारा, मग धूळ, मग पोफळी एकदम एका बाजूला वाकल्या आणि थेंब कौलांवर आपटायला लागले. वीज गेली. आम्ही तिघे शेडमध्ये उभे राहून फक्त बघत होतो की पाणी कुठून येतं. दोन ठिकाणी कौलं गळत होती, त्यातलं एक बरोबर ग्राइंडरच्या वर. उघड्या पूर्वेकडून तुषार बेंचच्या टोकापर्यंत आले आणि व्हाइसवर बारीक दव धरलं. मिरगाच्या आधी हे कळणं फार मोलाचं. पूर्वेच्या बाजूला कौलांचं पाखं दोन फूट पुढे न्यायचं ठरलं, तोपर्यंत ताडपत्रीचा पडदा. गळकी कौलं सुतारकाकांनी पाऊस थांबताच शिडीवर चढून बदलली. मी चढतो म्हटलं तर ऐकलं नाही.

पावणेचार

आता हत्यारं. आजच्या दिवसातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि इथे मी ठरवून रूढ पद्धत सोडली.

सगळीकडे हत्यारं भिंतीवर मांडतात. फळीवर प्रत्येकाची बाह्यरेषा, पाने चढत्या क्रमाने, दिसायला सुंदर. पुण्यात, धारवाडात ते चालेल. गुंदला ऑगस्टमध्ये भिंतीवर टांगलेल्या पटाशीवर दोन दिवसांत तांबूस ठिपके येतात. हवेतली आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंज वेगाने चढतो, आणि आमच्याकडे पावसाळाभर ती त्याच्या वरच असते. गंजलेली पटाशी घासून स्वच्छ करता येते, पण धारेवरचे खड्डे जायला धारच मागे न्यावी लागते. दर पावसाळ्याला पटाशी अशी थोडी थोडी संपते.

म्हणून धारेची सगळी हत्यारं बंद पेटीत. जुनी सागवानी पेटी आहे, घट्ट झाकणाची. आतून पातळ कांबळं, कांबळ्यावर मशीनचं तेल शिंपडलेलं. पटाश्या, रंध्याची पाती, गिरमिटं, ड्रिलचे बिट, गुण्या, मोजपट्टी. प्रत्येकाला तेलाचा बोळा फिरवूनच आत ठेवायचं. बोळा पेटीतच एका डबीत. हात फिरवायला पाच सेकंद लागतात, पण बोळा दुसऱ्या खोलीत असला तर ते कोणी करत नाही.

कानशी वेगळ्या. एकमेकींवर घासल्या की दात जातात. त्यांच्यासाठी फळीला खाचा पाडून उभे कप्पे केले, आणि त्या तेलात भिजवायच्या नाहीत. तेलकट कानस लोखंडावरून घसरते आणि भुगा दातांत चिकटतो. कानशीला खडू फासून ठेवायचा.

भिंतीवर काय? रोज हाताला लागणारं, आणि ज्याच्यावर गंज आला तरी बिघडत नाही असं. हातोडे, मोगरी, करवत, पक्कड, पाइप पाना, कंदील. फिक्स पाने आणि रिंग पाने नाशिकच्या टपारियाचे, त्यांच्यावर क्रोमचं पाणी असतं, ते गंजाला बराच काळ दाद देत नाहीत. त्यांना एक आडवी पट्टी, खुंट्या, मापाचे आकडे ऑइलपेंटने. एक खुंटी रिकामी दिसली की पाना बागेत राहिलाय हे संध्याकाळीच कळतं. बागेत राहिलेला पाना सुपारीच्या पानांखाली गेला की सापडतो पुढच्या वर्षी.

नट, बोल्ट, वायसरं प्लास्टिकच्या बरण्यांत, आकाराने नव्हे तर कामाने. "पंप" लिहिलेल्या बरणीत पंपाचं सगळं. वायसर, बॉल, नोझलच्या चकत्या, होसची क्लिप. "ब्रशकटर" बरणीत प्लग, फिल्टर, दोरी ओढायची स्प्रिंग. रात्री नऊ वाजता विजेशिवाय, बॅटरीच्या उजेडात कोणीही बरणी उचलावी आणि काम करावं. माझी आई वाचू शकते, आणि मी घरी नसताना काम अडू नये.

कोयत्याचे आणि कुऱ्हाडीचे दांडे वर वाशांच्या मधे आडवे ठेवलेत, चुलीच्या धुराच्या बाजूला, वाळत. धामणीचे. धामणीचं लाकूड चिवट असतं, घाव बसला की तुटण्याऐवजी लवतं आणि हाताला झटका कमी देतं.

पाच

बेंच पुसून होतंय तोवर वरच्या बागायतीचे अण्णा आले. खांद्यावर फवारणीचा पंप. मिरगाच्या आधी सुपारीला बोर्डोची पहिली फवारणी झाली नाही तर पावसात कोळेरोग येतो आणि कोवळी फळं टपटप गळतात. एकदा लागण पसरली की वर चढून फवारायला सुकी दुपार मिळत नाही. "पंप हवा ओढतोय, दाब धरत नाही," अण्णा म्हणाले. "उद्या माणसं येणार आहेत."

पंप व्हाइसमध्ये धरला. जबड्यांना आतून लाकडाच्या पट्ट्या लावल्या, नाहीतर पितळेवर दात उमटतात. दांडा सोडवून आतला दट्ट्या बाहेर काढला. चामड्याचं वाटीसारखं वायसर वर्षभर कोरडं पडून आकसलं होतं, कड नळीला टेकतच नव्हती. तेच दुखणं. फाटलेलं नव्हतं, म्हणून बदललं नाही. कोमट तेलात बुडवून ठेवलं, अर्ध्या तासात ते मऊ होऊन फुललं. तेवढ्यात खालचा बॉल काढला. त्याच्या बैठकीवर चुन्याचा थर बसला होता. तो बारीक कानशीने नाही, फडक्यावर पॉलिश पेपर घेऊन बोटाने फिरवून काढला. बैठक ओरखडली की पंप कायमचा गळका.

अण्णा पुतण्याला बोर्डोचं सांगत बसले. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र. लोखंडी पिंपात कधी नाही. चुना कमी पडला तर पानं जळतात. मग त्यांनी आमच्या पेटीतला एक घासून लख्ख केलेला कोयता मागितला. घरून बाटलीत थोडं मिश्रण आणलं होतं. कोयत्याचं टोक त्यात बुडवून मिनिटभर धरलं आणि बाहेर काढलं. पात्यावर तांबूस पटल चढलं होतं. तांबं लोखंडावर येऊन बसलं म्हणजे चुना अजून हवा. अण्णांनी चिमूटभर चुन्याचं पाणी टाकलं, पुन्हा बुडवलं, आणि पातं पांढरं स्वच्छ बाहेर आलं. पुतण्याने स्वतः आणखी एकदा करून बघितलं. कोयता लगेच पुसून, तेल लावून पेटीत. मोरचूद लोखंड खातं.

साडेसहा

वायसर बसवलं, दट्ट्या घातला, दांडा जोडला. बादलीत साधं पाणी घेऊन दांडा मारला. चौथ्या-पाचव्या ओढीला होस ताठ झाली, आणि नोझलमधून धुक्यासारखा फवारा अंगणातल्या पोफळीच्या घडापर्यंत गेला. अण्णांनी लान्स हातात घेऊन दाब पाहिला, नोझलची चकती बदलून बारीक लावून दिली.

पैसे घ्यायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं, पण अण्णांनी सुतारकाकांच्या हातात तंबाखूची पुडी ठेवली आणि मला विचारलं, "सोलायचं यंत्र आणू का? पाती वाकडी झाल्येत."

"शनिवारी आणा," मी सांगितलं. "उद्या पाखं पुढे काढायचंय. आणि येताना जुनी पातीही आणा, त्यांच्या मापाने नवी कापू."

पुतण्याने खडू घेतला आणि भिंतीवरच्या यादीत "सोलणी, पाती" अशी आणखी एक ओळ लिहिली, खाली शनिवार.